सुविचार आणि शिक्षक

(धर्माबाद येथील शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



धर्माबादहून निजामाबादकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले की थोड्याच वेळात गोदाकाठचे बासर येते. तेथील सरस्वतीच्या मंदिरात आईबाप आपल्या लेकरांना अक्षराभ्यासासाठी नेतात, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. ते गाव आज तेलंगणात मोडते. पण आपल्या भागातील कित्येक मुलांच्या विद्येचा आरंभ तेथेच होतो. त्या विधीतील एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. पाटी मुलाची असते, परंतु पहिले अक्षर मूल एकटे काढीत नाही. कोणी वडीलधारा त्याचा हात आपल्या हाती धरतो आणि अक्षर काढवून घेतो. पुढे शाळेत आल्यावर ते मूल गुरुजींनी काढून दिलेले अक्षर गिरविते. आणि गिरविता गिरविता एक दिवस आपल्या हाताने लिहू लागते.

दुसऱ्यांच्या शब्दांतून आपण जे शहाणपण घेतो, त्याचीही रीत हीच आहे. थोरांचे वाक्य हे गिरविण्याचे अक्षर होय. ते गिरविण्यात कमीपणा नाही, कारण गिरविल्यावाचून कोणासच लिहिता आलेले नाही. मात्र जन्मभर नुसते गिरवीतच राहिलो, तर विद्या आली असे म्हणता येणार नाही. आज आपल्याशी चार शब्द बोलायचे आहेत ते याच विषयावर, म्हणजे आपल्या रोजच्या परिपाठातील सुविचारावर.

प्रार्थना होते, प्रतिज्ञा होते, दिनविशेष सांगितला जातो आणि फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक सुविचार लिहिला जातो. आपल्या शाळांची ही जुनी व चांगली चाल आहे. परंतु शाळाभेटीस जाताना मी अलीकडे एक प्रश्न मुद्दाम विचारतो. दुपारच्या सुट्टीनंतर फळ्याकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या मुलास मी म्हणतो, “बाळ, आजचा सुविचार कोणता?” बहुतेक मुलांना तो आठवत नाही. त्यात मुलांचा दोष नाही. कित्येकदा तो लिहिणाऱ्या शिक्षकासही आठवत नाही! वाक्य फळ्यावर राहते आणि संध्याकाळी खडूच्या धुळीबरोबर पुसले जाते.

असे का व्हावे? शब्दांत सामर्थ्य नाही म्हणून काय? तसे म्हणण्याचे धाडस निदान नांदेड जिल्ह्यातील माणसाने तरी करू नये. आपल्या नांदेडातच १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी आपल्यामागून कोणा व्यक्तीस गुरुपद न देता ते ग्रंथास दिले. शब्द हाच गुरू, ही गोष्ट ज्या गावी घडली ते गाव आपले आहे. आणि त्या ग्रंथात कोणाकोणाचे शब्द आहेत? शीख गुरूंचे तर आहेतच; शिवाय विणकर कबीरांचे आहेत, चर्मकार रविदासांचे आहेत, मुसलमान साधू शेख फरीद यांचे आहेत आणि शिंपी नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. नामदेवांचे जन्मगाव म्हणून परंपरेने मानले गेलेले नरसी आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. मराठवाड्यातील एका माणसाचे शब्द पंजाबात गेले, १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांना स्थान मिळाले, आणि त्या ग्रंथाला गुरुत्व प्राप्त झाले ते पुन्हा आपल्याच गोदातीरी. शब्दांचा हा प्रवास प्रत्येक शिक्षकाने मुलांना एकदा तरी सांगावा.

यातली एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या ग्रंथात नामदेवांची पदे नामदेवांच्याच नावाने आहेत आणि कबीरांची कबीरांच्या नावाने. दुसऱ्याचा शब्द घेतला, पण त्याचे नाव पुसले नाही. परशब्दाविषयीचा पहिला धर्म हाच होय. आणि येथे मला माझ्या हातून घडलेला एक अपराध आपणांपुढे मांडावयाचा आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच नोकरीस लागलो होतो. एके दिवशी घाईघाईने दिनदर्शिकेच्या पानावरील एक वाक्य मी फळ्यावर लिहिले. पेरणी वाया गेली तरी पेरणारा वाया जात नाही, अशा अर्थाचे ते होते. चौथीतील एका मुलाने विचारले, “गुरुजी, हे कोण म्हणालं?” पानावर नाव नव्हते. मला ठाऊक नाही, असे म्हणावयास जीभ वळेना. सर्व वर्ग माझ्याकडे पाहत होता. मी एका थोर पुरुषाचे नाव ठोकून दिले. मुलाने ते वहीत लिहून घेतले आणि मी ती गोष्ट विसरून गेलो.

मध्ये पुष्कळ वर्षे लोटली. एकदा रेल्वे फलाटावर एक शेतकरी माझ्या पाया पडला. तोच मुलगा, आता त्याचा मुलगा शाळेत जात होता. लागोपाठ दोन हंगाम हातचे गेले तेव्हा त्या वाक्याने आपल्याला धरून ठेवले, असे त्याने सांगितले. घराच्या भिंतीवर त्याने ते रंगवून घेतले होते आणि खाली मी सांगितलेले नाव घातले होते. मला क्षणभर काय बोलावे सुचेना. गाडी यावयाची होती. गप्प राहिलो असतो तर कोणास काही कळले नसते. पण मी त्याला खरे ते सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आता लेकराला काय सांगू, गुरुजी?” मी म्हणालो, “वाक्य तसेच राहू दे. नाव पूस. आणि त्याला सांग, कोणाचे ते गुरुजींना ठाऊक नव्हते आणि तसे म्हणावयाची त्यांना लाज वाटली.”

बंधुभगिनींनो, त्या माणसाच्या पडत्या काळात ते वाक्य उपयोगी पडले, हे खरे. परंतु त्याने माझ्या शब्दावर जो विश्वास टाकला होता त्याला मी पात्र नव्हतो, हेही तितकेच खरे. आज मोबाइलवर रोज सकाळी शेकडो वाक्ये येतात आणि त्यांच्याखाली वाटेल त्या थोरांची नावे असतात. ती तशीच्या तशी फळ्यावर उतरविण्याचा मोह आपणां सर्वांस होतो. ज्याचे नाव निश्चित ठाऊक असेल त्याचेच लिहावे. नसेल तर ‘अज्ञात’ असे लिहावे. शिक्षकाने ‘मला ठाऊक नाही’ असे म्हटलेले मुलांनी ऐकणे, हाही एक सुविचारच आहे.

दुसरी गोष्ट आचरणाची. वाक्याला वजन येते ते त्यासाठी मोजलेल्या किमतीमुळे. आपला हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला, म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. पुढे त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. ते शब्द त्या मुलांनी रचलेले नव्हते. ते दुसऱ्याचे होते. पण शिक्षण पणास लावून त्यांनी ते उच्चारले, तेव्हा ते त्यांचे झाले. जो शब्द आपल्यास काही सोसावयास लावीत नाही, तो अजून आपला झालेला नसतो.

आता एका शाळेतील प्रसंग सांगतो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. मी भेटीस गेलो तेव्हा फळ्यावर वक्तशीरपणाचे माहात्म्य सांगणारा सुविचार सुंदर अक्षरात लिहिलेला होता. आणि दाराबाहेर एक मुलगी दप्तर छातीशी धरून उभी होती. उशिरा आल्याबद्दल तिला ती शिक्षा होती. चौकशी केली तेव्हा कळले, आई मिरचीच्या कामावर पहाटेच गेली होती; धाकट्या भावाला खाऊपिऊ घालून, त्याला शेजारी ठेवून ही पोर धावत आली होती. त्या दिवशी मी स्वतः पाऊण तास उशिरा पोचलो होतो. मला मात्र खुर्ची मिळाली होती आणि चहाही आला होता.

मी त्या शिक्षकांना दोष दिला नाही. कारण खुर्चीवर बसलेला मी होतो. मी उठलो, त्या मुलीला आत घेतले आणि वर्गाला सांगितले, “आज उशिरा आलेले आम्ही दोघे आहोत.” पण त्या दिवसापासून मला एक भय वाटू लागले आहे. आपण दुसऱ्यांचे चांगले शब्द मुलांना आधार म्हणून देतो की मुलांवर उगारावयाची छडी म्हणून? छडी आपण केव्हाच टाकून दिली. सुविचाराच्या रूपाने ती परत वर्गात येऊ नये.

तिसरी गोष्ट धीराची. आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा मुंबईत त्यांच्या सत्काराची सभा झाली. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. त्यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्या मुलास भेट दिले. एका प्राथमिक वा माध्यमिक शिक्षकाजवळ याहून अधिक देण्यासारखे काय असते? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी लक्षावधी लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या पुस्तकाचे ऋण त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. भेट आणि दीक्षा यांत एकोणपन्नास वर्षांचे अंतर आहे. केळुसकर गुरुजी तो दिवस पाहावयास राहिले नव्हते. बी पेरणाऱ्याने दुसऱ्या दिवशी माती उकरून पाहू नये, एवढे यावरून आपण घ्यावे. आणि त्या एका पुस्तकानेच सर्व केले, असेही नव्हे. बाबासाहेबांनी ते वाचले, तपासले, जन्मभर अभ्यास केला, आणि मग आपल्या हाताने लिहिले. गिरविणे संपून लेखन सुरू होते ते असे.

शेवटी, थोरांचे शब्द केवळ ग्रंथांतच असतात असे नाही. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. जात्यावर व शेतात काम करताना त्यांना सुचलेली गाणी घरच्यांनी टिपून ठेवली आणि १९५१ साली त्या वारल्यावर, १९५२ साली ती पुस्तकरूपाने निघाली. टिपणारे कोणी नसते तर महाराष्ट्राचे केवढे धन मातीत गेले असते! आपल्या सीमाभागातील वर्गात तर कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी तेलुगू, कोणाकडे उर्दू, तर कोणाकडे बंजारा बोली बोलतात. त्या प्रत्येक घरी एक आजी आहे, आणि ती चुलीपाशी बसून बोलते ते शहाणपण कोणत्याही दिनदर्शिकेवर छापलेले नाही.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. त्या आज्ञा म्हणून नव्हेत, तर एका जुन्या शिक्षकाची विनंती म्हणून ऐकाव्यात. रोज नवे वाक्य लिहिण्यापेक्षा आठवड्यास एकच लिहावे आणि ते सहा दिवस फळ्यावर राहू द्यावे. सोमवारी ते कोणी, केव्हा आणि कोणत्या प्रसंगी म्हटले, हे सांगावे. बुधवारी मुलांना विचारावे, हे आपल्याला पटते काय? न पटल्यास का? न पटणाऱ्या मुलास गप्प बसवू नये. शनिवारी एखाद्या मुलाने त्या वाक्याचा स्वतःस काही उपयोग झाला असेल तर सांगावे. झाला नसेल तर तसे सांगावे. आणि महिन्यातून एक आठवडा घरच्या वाक्यासाठी राखून ठेवावा. मुलाने आजी, आजोबा, आई यांपैकी कोणाचे एक वाक्य त्यांच्याच बोलीत आणावे, देवनागरीत लिहावे, त्याचा मराठी अर्थ द्यावा आणि खाली त्या माणसाचे नाव लिहावे. ज्या आईने कधी शाळेची पायरी चढलेली नाही, तिचे नाव शाळेच्या फळ्यावर झळकलेले तिच्या लेकराने पाहावे. त्या लेकराच्या शिक्षणाला याहून मोठे बळ दुसरे कोणते मिळणार?

या कामास पैसा लागत नाही, नवे साहित्य लागत नाही, स्वतंत्र तासिकाही लागत नाही. लागते ते एवढेच की, फळ्यावर वाक्य लिहिण्यापूर्वी शिक्षकाने ते स्वतःस एकदा वाचून दाखवावे. ज्या दिवशी ते आपल्यालाच बोचेल, त्या दिवशी ते मुलांसमोर लिहावयास योग्य झाले असे समजावे.

मुलाचा हात धरून पहिले अक्षर काढवून घेणे, हे आपले काम आहे. पण हात धरणाऱ्याला आणखी एक गोष्ट यावी लागते. ती म्हणजे वेळेवर हात सोडणे. आपण दिलेल्या शब्दांवर आपली मुले आपल्या हाताने पुढील ओळ लिहोत, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.