पाहून काढलेले चित्र
(मांजरी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



फुलपाखरे आणि झाडे हुबेहूब रंगवणे हा रिकामपणचा उद्योग आहे, असे पुष्कळ पालकांना वाटते. माझ्या मते ते नीट पाहण्याचे शिक्षण आहे, आणि विज्ञानाचा पहिला धडाही तोच.

बादशहा जहांगीरच्या पदरी उस्ताद मन्सूर हा चित्रकार होता. बादशहाने त्याला ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे युगातील अद्वितीय, असा किताब दिला. १६२० च्या काश्मीर भेटीत मन्सूरने शंभराहून अधिक फुले रंगवली, अशी नोंद जहांगीरने स्वतः केली आहे. त्यांतली बहुतेक चित्रे आज नाहीत. लाल ट्यूलिपचे त्याचे चित्र मात्र अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयात आहे. त्यात फुलाजवळ एक फुलपाखरूही आहे.

इतके दूर तरी कशाला जायचे? पुण्याजवळ दापोडीला पूर्वी सरकारी वनस्पती उद्यान होते. तेथील अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रे करून घेतली. उद्यान गेले, चित्रे मात्र एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढेच ठाऊक आहे, त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. मुलांनो, चित्राखाली आपले नाव, तारीख आणि ठिकाण लिहायला विसरू नका.

हुबेहूब म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. कॉमन मॉर्मन या फुलपाखराच्या काही माद्या कॉमन रोझ या फुलपाखरासारख्या दिसतात. रोझ अंगाने विषारी, म्हणून पक्षी त्याला टाळतात. त्या सारखेपणामुळे या माद्याही बचावतात. पंख जवळजवळ सारखेच, पण रोझचे अंग लाल आणि मॉर्मनचे काळे. अंदाजाने रंग भरला, तर फुलपाखराची जातच बदलली!

मॉर्मनच्या अळ्या लिंबाची आणि कढीपत्त्याची पाने खातात. ही झाडे आपल्या परसातली. फुलपाखरू पकडू नका, टाचणीने टोचू नका. वही-पेन्सिल घेऊन झाडापाशी बसा. अंडे, अळी, कोष, फुलपाखरू, जे दिसेल ते त्याच दिवशी काढा.

पालकहो, मांजरीत शेतांच्या जागी इमारती उठत आहेत. बांधावरची रुई आणि तिच्यावरची फुलपाखरे उद्या असतीलच असे नाही. मुलांनी आज पाहून काढलेले चित्र उद्या दाखला ठरेल. तेव्हा “अभ्यास सोडून हे काय?” असे म्हणण्याआधी ते चित्र हातात घ्या आणि झाडाशी ताडून पाहा. तोही अभ्यासच आहे.