पाळीचा हुकूम मेंदूतून

आंब्याच्या हंगामात रात्ररात्र पेट्या भरल्या आणि आमच्या जामसंड्याच्या गटातल्या दोघींची पाळी लांबली. एकीच्या घरच्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. घालोत बापडे! पण पाळीचा हुकूम सुटतो मेंदूतून. पाळीनंतरच्या दिवसांत साधारण तास-दीड तासाने मेंदू वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीला इशारा देतो. ती रक्तातून स्त्रीबीजकोशाला निरोप धाडते. उपासमार, अतिकष्ट, काळजी यांनी तो इशाराच मंदावतो. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत पीएच.डी. करणाऱ्या मुली प्रजननाचं शास्त्र अभ्यासतात. आपण एवढंच करूया: पाळी चुकली की आधी गरोदरपणाची तपासणी. दिवस नसतील आणि तीन महिने पाळी आली नाही, तर डॉक्टर. पाळी आणायच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत.