विजेचे नकाशे आणि संगणक

कारखान्यांतील एखादें यंत्र मध्यरात्रीं बंद पडतें. दुरुस्तीस आलेला तंत्रज्ञ पॅनेलचें दार उघडतो आणि आंत ठेवलेला नकाशा आधीं हातीं घेतो. यंत्राची जोडणी योजणारा अभियंता केव्हांच दुसरीकडे गेलेला असतो. त्याच्या विचाराचा एकमेव साक्षीदार म्हणजे तो कागद. हा कागद आज संगणकावर रेखला जातो. त्यासाठीं कोणतें सॉफ्टवेअर निवडावें हा प्रश्न म्हणूनच केवळ सोयीचा नाहीं.

श्रोतेहो, विजेचा आराखडा हें चित्र नव्हे. तें संबंधांचें विधान आहे. दिवा भिंतीवर कोठें आहे हें त्यांत सांगावयाचें नसतें. तो कोणत्या बटनाशीं जोडला आहे हें सांगावयाचें असतें. १९८२ सालीं आलेल्या ऑटोकॅडसारख्या सर्वसाधारण रेखन-प्रणालीला तार ही केवळ एक रेषा असते. दोन टोकांमध्यें केसभर अंतर राहिलें तरी तिला त्याचें सोयरसुतक नसतें. उलट, खास विद्युत्-आराखड्यांसाठीं रचलेली प्रणाली तारेला जोडणी म्हणून ओळखते, जोडण्यांची यादी स्वतः तयार करते आणि सुटलेलें टोक दाखवून देते. निवडीची पहिली कसोटी हीच.

दुसरी कसोटी कामाच्या जातीची. ज्याला इलेक्ट्रॉनिक सर्किट-बोर्ड करावयाचा आहे, त्याचा आराखडा पुढें तांब्याच्या मार्गांत उतरला पाहिजे. त्यासाठीं किकॅड ही विनामूल्य प्रणाली चांगली उपयोगी पडते. फ्रान्समधील झां-पिएर शारा यांनीं १९९२ मध्यें तिचा आरंभ केला. २०१३ पासून सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेनेंही तिला हातभार लावला. परंतु मोटारी चालविणाऱ्या पॅनेलचा नकाशा निराळा. तेथें काँटॅक्टरची कॉइल तिसऱ्या पानावर, तर त्याचेच काँटॅक्ट सातव्या व बाराव्या पानावर असतात. त्या सर्वांची परस्परांशीं ओळख राहावी आणि तारांना व टर्मिनलांना क्रमांक मिळावे, यासाठीं ईप्लॅन किंवा विनामूल्य क्यूइलेक्ट्रोटेक अशीं साधनें आहेत. चिन्हेंही पाहावीं लागतात. अमेरिकन पद्धतींत रोधक करवतीच्या दात्यांसारख्या रेषेनें, तर आय. ई. सी. ६०६१७ या आंतरराष्ट्रीय प्रमाणांत आयतानें दाखवितात.

तिसरी कसोटी आयुष्याची, आणि तीच बहुधा विसरली जाते. ईगल ही प्रणाली १९८८ मध्यें जर्मनींत निघाली आणि हौशी व व्यावसायिक अशा दोहोंच्या हातीं रुळली. २०१६ मध्यें ती ऑटोडेस्कनें विकत घेतली. ७ जून २०२६ पासून तिची विक्री व साहाय्य थांबेल असें २०२३ मध्यें जाहीर झालें. वर्षानुवर्षांच्या आराखड्यांचें काय, ही चिंता त्या दिवशीं अनेकांना पडली. दिलासा एवढाच, कीं ईगलच्या सहाव्या आवृत्तीपासूनच्या फायली वाचतां येण्याजोग्या मजकुराच्या स्वरूपांत असतात आणि किकॅडला त्या उघडतां येतात. साधन गेलें तरी काम वाचलें, तें या मोकळेपणामुळें.

म्हणून निवड करणाऱ्यानें जाहिरातींतील गुणांची यादी बाजूस ठेवावी. स्वतःच्या कामांतील एक जुना, किचकट नकाशा घ्यावा व तो नव्या प्रणालींत रेखून पाहावा. त्यांतील जोडण्यांची यादी बाहेर काढावी आणि ती फाईल दुसऱ्या एखाद्या प्रणालींत उघडते कीं नाहीं हें पाहावें. शेवटीं एक प्रत कागदावर छापून पॅनेलच्या दाराआड ठेवावी. मध्यरात्रीं येणाऱ्या त्या तंत्रज्ञाला सॉफ्टवेअरचें नांव नको असतें. कोणती तार कोठें जाते, एवढेंच त्याला हवें असतें.