एका हिरव्या कीटकाचा शोध

(मॉरिशसमधील एका शाळेच्या विज्ञान मंडळात एका शिक्षकांनी केलेले हे भाषण आहे. नव्या कीटकांच्या शोधात सामान्य माणसांचा वाटा किती मोठा असतो, हे त्यांनी उदाहरणे देऊन सांगितले आहे.)



नव्या प्राण्याचा शोध म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे मोठी प्रयोगशाळा आणि पांढरा कोट घातलेला शास्त्रज्ञ उभा राहतो. पण शोधाची सुरुवात नेहमी प्रयोगशाळेतच होते असे नाही. कधी ती एखाद्या छंदी माणसाच्या कॅमेऱ्यातून होते. अशीच एक खरी हकिकत आज मी तुम्हांला सांगणार आहे.

मलेशियात क्वालालंपूरजवळ सेलांगोर राज्यातील जंगल आहे. गुएक हॉक पिंग हे छायाचित्रकार २०११ साली तिथे फिरत होते. एका पानावर त्यांना एक नाजूक हिरवा कीटक दिसला. त्याच्या पारदर्शक पंखांच्या मुळाशी काळी जाळी होती आणि तिच्यात निळसर ठिपके होते. त्यांनी छायाचित्रे घेतली. कीटक उडून गेला. पुढे ती छायाचित्रे त्यांनी इंटरनेटवर सर्वांना पाहण्यासाठी ठेवली.

तिकडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, शॉन विंटरटन नावाचे कीटकशास्त्रज्ञ आहेत. जाळीदार पंखांच्या कीटकांचा त्यांचा मोठा अभ्यास. आपले शेतकरी या गटातल्या कीटकांना 'क्रायसोपा' म्हणतात. त्याच्या अळ्या पिकावरचा मावा खातात, म्हणून तो शेतकऱ्याचा मित्रकीटक. ही छायाचित्रे सहज विंटरटन यांच्या पाहण्यात आली आणि ते थबकले. पंखांवरची ती नक्षी त्यांनी पूर्वी कधी पाहिली नव्हती! त्यांनी सहकाऱ्यांना विचारले. त्यांनाही तो कीटक ओळखता आला नाही.

मग नवी जात सापडली, असे लगेच जाहीर करायचे का? नाही. छायाचित्रावरून शंका येते, खात्री होत नाही. कीटकाचे पाय, जबडे, पंखांतील शिरा भिंगाखाली तपासाव्या लागतात. माहीत असलेल्या जातींशी त्याची तुलना करावी लागते. त्यासाठी प्रत्यक्ष नमुना हवा. पण कीटक तर केव्हाच उडून गेला होता!

विंटरटन यांनी गुएक यांना पत्र पाठवले. गुएक यांनी शोध सोडला नाही. सुमारे वर्षभरानंतर त्याच जंगलात त्यांना तसाच कीटक मिळाला. तो त्यांनी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील स्टीफन ब्रुक्स यांच्याकडे पाठवला. ब्रुक्स यांनी तपासणी केली. जात खरोखरच नवी होती. आणि गंमत पाहा, याच जातीचा एक नमुना त्या संग्रहालयात कित्येक वर्षे ओळख न पटता पडून होता!

ऑगस्ट २०१२ मध्ये या कीटकाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचे नाव सेमाक्रायसा जेड. विंटरटन यांच्या मुलीचे नाव त्याला दिले आहे. शोधनिबंधावर तिघांची नावे आहेत. तीन देशांतील तिघांनी तो संगणकाच्या साहाय्याने मिळून लिहिला. त्यात छायाचित्रकार गुएक यांचेही नाव शास्त्रज्ञांच्या बरोबरीने आहे.

असेच उदाहरण भारतातही घडले. सिक्कीममधील झोंगू भागातील सोनम वांगचुक लेपचा यांनी २०१६ साली एका फुलपाखराचे छायाचित्र शास्त्रज्ञांकडे पाठवले. पुण्यात शिकलेले शास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचा अभ्यास केला. २०२१ साली ती नवी जात म्हणून जाहीर झाली. झोंगूवरूनच तिला 'झोंगुएन्सिस' हे नाव मिळाले.

मित्रहो, आजवर सुमारे १० लाख कीटकांना नावे मिळाली आहेत. एकूण जाती ५५ लाखांच्या आसपास असाव्यात, असा एक अंदाज आहे. म्हणजे बहुतेक कीटकांना अजून नावही नाही. इतके काम मूठभर शास्त्रज्ञांनी कसे उरकावे? शिवाय जंगले तुटत आहेत. जंगल गेले, की तिथला कीटकही जातो. ज्याचे नावच कोणाला ठाऊक नाही, त्याला वाचवा असे कोण म्हणणार?

आपल्या मॉरिशसला हे वेगळे सांगायला नको. डोडो केवळ याच बेटावर राहत होता. सतराव्या शतकात तो नाहीसा झाला. १८६५ साली माहेबर्गचे एक शाळामास्तर जॉर्ज क्लार्क यांनी मार ओ सोंजच्या दलदलीतून त्याची हाडे मिळवली. ती लंडनला गेली आणि तिथे त्यांचा अभ्यास झाला. शाळामास्तरांनी कष्ट घेतले, म्हणून डोडोचा सांगाडा कसा होता हे जगाला कळले. पण कीटकाला हाडे नसतात. तो संपला, तर दलदलीतही त्याची खूण सापडणे कठीण.

तेव्हा तुम्ही काय करू शकाल? परसातल्या लिंबाच्या झाडाकडे, उसाच्या बांधाकडे नीट पाहा. कीटक दिसला तर छायाचित्र घ्या किंवा चित्र काढा. दिवस, ठिकाण आणि तो कोणत्या झाडावर होता हे वहीत लिहा. जे पाहिले तेवढेच लिहा. अंदाजाला अंदाजच म्हणा. उगाच कीटक मारू नका. राखीव जंगलातून परवानगीशिवाय काहीही उचलू नका. तुमच्या वहीतले बहुतेक कीटक ओळखीचेच निघतील. तरीही ती वही वाया जाणार नाही. कोणता कीटक कुठे आणि केव्हा होता, हे सांगणारी प्रत्येक खरी नोंद अभ्यासकाला उपयोगी पडते.

 

शब्दार्थ
मित्रकीटक – पिकाला उपयोगी पडणारा कीटक
नमुना – अभ्यासासाठी जपून ठेवलेला प्राणी किंवा वनस्पती
शोधनिबंध – नव्या शोधाची माहिती देणारा लेख
दलदल – चिखल व पाणी साचलेली जमीन

स्वाध्याय
१. छायाचित्र पाहूनच विंटरटन यांनी नवी जात का जाहीर केली नाही?
२. गुएक यांचे नाव शोधनिबंधावर असणे योग्य आहे, असे तुम्हांला वाटते का? कारणे द्या.
३. 'कीटकाला हाडे नसतात' असे वक्ते का म्हणतात?
४. उपक्रम : आठवडाभर घराजवळ दिसलेल्या कीटकांची दिवस व ठिकाणासह नोंद करा.