नेहमीचा लिंब

अध्यक्षपद दिलंत. हारतुरे झाले, आता कामाचं बोलू.

अध्यक्षानं जिल्ह्यातल्या वन्यजीवांचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. नायगावचं मयूर अभयारण्य १९९४ चं, जेमतेम ३० चौरस किलोमीटर, बालाघाटाचा खडक आणि उन्हाळ्यात पाण्याची बोंब. बाकीचा आढावा छापील आहे, तो घरी वाचा. मला एका लिंबाबद्दल बोलायचंय.

बरीच वर्षं झाली. वन विभाग, एक कॉलेज आणि काही गावं मिळून आम्ही मोरांच्या नोंदी ठेवायचो. प्रमुख संशोधक हाडाचा अभ्यासक. नाव सांगत नाही. ९ वर्षं त्यांनी पहाटेची फेरी चुकवली नाही. मग त्यांना बाहेर चांगली नोकरी लागली. आम्ही शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढले, पोहे खाल्ले. महिन्याभरानं मी त्यांच्या वह्या उघडल्या. अक्षर मोत्यासारखं. पानोपानी एकच: ‘नेहमीच्या लिंबाखाली मोर ४, लांडोरी ७.’

कुठला लिंब? फोन केला, तर म्हणाले, ‘अहो, आपल्या वनमजुराला विचारा, त्याला ठाऊक आहे.’ रोजंदारीवरचा तो माणूस मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेलेला. पाडव्याच्या सुमारास परतला आणि मला घेऊन गेला. नेहमीचे लिंब तीन निघाले! एक उन्हाळ्यातला, एक पावसाळ्यातला आणि तिसऱ्याचा नुसता बुंधा. कुठला आकडा कुठल्या झाडाचा, ते त्यालाही सांगता येईना. ९ वर्षांच्या नोंदी तिथंच मातीत गेल्या.

माणूस गेला तरी त्याची माहिती कशी टिकवायची, यावर सकाळच्या सत्रात दोन तट पडले. तरुण म्हणाले, मोबाइल अक्षांश-रेखांश टिपतो, चिंता कशाला? ज्येष्ठ म्हणाले, जाणाऱ्याच्या हाताखाली आधी वर्षभर कुणीतरी द्या. मोबाइलनं लिंब सापडेल, कबूल. पण कुणाच्या वस्तीवरून गेलं की कुत्रं भुंकतं आणि मोर उडतात, ते त्यात कोण भरणार? आणि हाताखालच्या पोराला मानधन? ते मी एकदा मागितलं होतं. ‘संशोधक आहेत की अजून,’ असं उत्तर मिळालं. ते आहेत तोवरच मागायचं असतं, साहेब!

काम नीट कसं सोपवतात, ते समुद्रकाठच्या वेळास गावात बघा. कासवांचं काम चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’नं २००२ मध्ये सुरू केलं आणि पुढे गावाच्या व वन विभागाच्या हाती देऊन संस्था बाजूला झाली. अंडी हलवण्यापासून पिल्लं समुद्रात सोडण्यापर्यंत सगळं तोवर गावातल्या पोरांच्या हातात बसलं होतं. आपण निरोप देतो, काम मागून घेत नाही.

तर एक सोपवणीची वही काढू. नमुना मी पावसाळ्याआधी करून देतो, जमलं तर. समितीत कोण, ते जेवणानंतर बघू.

या भाषणासाठी काल रात्री माझी स्वतःची २०११ ची वही काढली. एका पानावर लिहिलंय, ‘लांडोर, पिल्लं ३, कालच्याच जागी.’ आदल्या दिवसाचं पान कोरं आहे.