अब्जांत एक

विमानांत बसणारा मनुष्य आपला जीव कोणाच्या हवालीं करतो? वैमानिकाच्या, असें आपण सहज म्हणूं. परंतु त्याच्याही आधीं तो जीव एका आंकड्याच्या हवालीं झालेला असतो.

मोठ्या प्रवासी विमानाचा सर्वनाश करील असा प्रत्येक यांत्रिक बिघाड उड्डाणाच्या एक अब्ज तासांत एकदां घडण्याइतका दुर्मिळ असावा, असा दंडक आहे. हा आंकडा आला कोठून? पूर्वीच्या अनुभवाप्रमाणें दहा लक्ष तासांत सुमारें एक भीषण अपघात होई. त्यांतला दहावा हिस्सा यंत्रणांच्या दोषामुळें, म्हणजे कोटि तासांत एक. असे घातक बिघाड विमानांत शंभर धरले, तर प्रत्येकाच्या वांट्यास अब्जांत एक येतो.

एक अब्ज तास म्हणजे सुमारें १,१४,००० वर्षें! इतकी परीक्षा कोण पाहणार? म्हणून अभियंते गुणाकाराचा आश्रय करतात. हजार तासांत एकदां बिघडणारीं तीन साधनें बसविलीं, तर तिन्ही एकाच तासांत बिघडण्याचा संभव अब्जांत एक उरतो. मात्र तीं परस्परांपासून स्वतंत्र हवींत. घरांत तीन दिवे लावले, पण तेल एकाच बुधल्यांतलें आणि त्यांत पाणी मिसळलेलें असेल, तर तिसऱ्या दिव्याचा उपयोग काय?

१९८३ च्या ५ मे रोजीं ईस्टर्न एअरलाइन्सचें तीन एंजिनांचें विमान मायामीहून नसाऊस निघालें. उड्डाणापूर्वीं तेलांतील धातूचे कण टिपणारी साधनें बदलतांना तिन्ही एंजिनांत रबरी कडीं बसवावयाचीं राहून गेलीं होतीं. तेल गळून एकामागून एक तिन्ही एंजिनें बंद झालीं. वैमानिकांनीं आधींच बंद केलेलें एक एंजिन पुन्हां चालूं झालें, म्हणून १७२ जीव वांचले. एंजिनें तीन, पण चूक एकच होती.

दोन एंजिनांच्या विमानांस समुद्रावरून दूर जाण्याची मुभा देतांना म्हणूनच नुसत्या गणितावर विसंबत नाहींत. एंजिनें किती वेळां बंद पडलीं याचा हिशेब सतत ठेवतात. दोन्ही एंजिनांवर तेंच काम एकाच कारागिरानें एका खेपेस शक्यतों करूं नये, असाही नियम आहे.

आंकडा कागदावर ठरतो खरा. पण तो खरा ठेवण्याचें काम विमानाच्या शेडमध्यें, रात्रीं दिव्याच्या उजेडांत, कडें बसविणाऱ्या हातांनाच करावें लागतें.