पापलेटची लांबी आणि कायद्याचा हात

2023 साली चंदेरी पापलेट महाराष्ट्राचा राज्य मासा ठरला. त्याच वर्षी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींवरून राज्याने 54 जातींच्या मासळीची पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर आहे. पिल्लांना वाढायला, अंडी घालायला अवसर मिळावा, हा त्यामागचा हेतू.

नवी मुंबईतल्या दिवाळे, सारसोळे, वाशीच्या कोळीवाड्यांना हा हिशेब नवा नाही. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन पुन्हा निघायचे, ही रीत सरकारी बंदीच्या कितीतरी आधीची. आता पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते.

पण उरलेल्या दहा महिन्यांचे काय?

पर्ससीन जाळे माशांच्या अख्ख्या थव्याला वेढते आणि तळाचा दोर ओढताच बटव्यासारखे आवळले जाते. त्याला एलईडीची जोड मिळाली की रात्रीच्या उजेडाकडे ओढली गेलेली मासळी लहानमोठी न पाहता एकदम नौकेत येते. पर्ससीनविषयीच्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्याने 5 फेब्रुवारी 2016 रोजी पर्ससीनवर निर्बंध आणले. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्राने एलईडी मासेमारी बंद केली. 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा 2021 मध्ये सुधारून दंड लाखांच्या घरात नेला गेला. तरीही दिव्यांच्या नौकांविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत.

दोष मात्र एकट्या पर्ससीनचा नाही. बारीक आसाच्या ट्रॉल जाळ्यात पिल्ले अडकतात, तशी ती भरती-ओहोटीच्या ओढीवर चालणाऱ्या डोल जाळ्यातही अडकतात. नियम सर्वांनाच लागू हवा. पण जाळे बदलण्याचा खर्च लहान होडीवाल्याच्या माथी मारून भागणार नाही.

उशिरा जाग आली तर काय होते, हे कॅनडाच्या न्यूफाउंडलंडने पाहिले. कॉड मासा इतका संपला, की 1992 मध्ये सरकारला मासेमारीच थांबवावी लागली आणि हजारो कुटुंबांचा रोजगार गेला.

प्रश्न फक्त जाळ्यांचाही नाही. नवी मुंबईच्या दारातल्या ठाणे खाडीला 2022 मध्ये पाणथळ जागांसाठीचा रामसर दर्जा मिळाला. तिथली कांदळवने माशांच्या पिल्लांचे आसरे आहेत. ती भरावाखाली गेली, तर समुद्रातल्या कोणत्याही बंदीने ती तूट भरून निघायची नाही.

नियम पाळला जातो का, हे पाहायला अथांग दर्यात गस्तीनौका किती पुरणार? मासळी मात्र मुंबईच्या ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावर उतरते आणि तिथेच तिचा लिलाव होतो. मोजपट्टी तिथे लागली पाहिजे. दिवाळ्याच्या बाजारात किमान लांबीचा फलक हवा, मोठ्या आसाच्या जाळ्यांना अनुदान हवे, आणि तळहाताएवढे पापलेट स्वस्तात मिळाले तरी गिऱ्हाइकाने ते घेऊ नये.